निक्सी ट्यूब स्वस्तात चालवायच्या असतील तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

निक्सी ट्यूबचं, म्हणजे काचेच्या नळीत नारिंगी उजेडात आकडे दाखवणारं घड्याळ बनवायचं म्हटलं की बहुतेक लोकं आधी ट्यूब मागवून बसतात, आणि मग ड्रायव्हर आयसी (आकडे चालू-बंद करणारी चिप) शोधता शोधता महिने जातात, प्रोजेक्ट डब्यात जातो तो जातोच. कारण नेटवर जिथे पाहावं तिथे ७४१४१ नाही तर तिची सोव्हिएत बहीण के१५५आयडी१ वापरलेली दिसते. या आयसी आता कोणी नवीन बनवत नाही, जे मिळते ते जुन्या स्टॉकचं किंवा कुठल्यातरी बोर्डवरून काढलेलं, आणि चार ट्यूबला चार आयसी घ्यायच्या म्हटलं की शिपिंग धरून हिशोब भलतीकडेच जाते. माझं सरळ म्हणणं आहे, पैसा ट्यूबवर घाला. ट्यूब परत बनवता येत नाही. ड्रायव्हर मात्र नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळणाऱ्या मालातून होते, आणि अर्धा माल तर घरच्या भंगारात पडलेला असते.

आधी ट्यूब काय मागते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होते. काचेत निऑन गॅस, एक जाळीसारखा अ‍ॅनोड, आणि त्याच्यामागे एकामागे एक रचलेले तारेचे दहा आकडे, ते दहा कॅथोड. अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ मध्ये ही ट्यूब बाजारात आणली, आणि आज आपल्याला ज्या परवडतात त्या आयएन-१२, आयएन-१४ वगैरे सोव्हिएत काळातल्या. अ‍ॅनोडला प्लस द्यायचा आणि जो आकडा पाहिजे त्याच्या कॅथोडला ग्राउंड, बस. फिलामेंट नाही, गरम करायची भानगड नाही. पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात आणि एकदा पेटली की ट्यूबवर १४० च्या आसपास व्होल्टेज राहते. करंट फक्त २.५ मिलिअ‍ॅम्पिअर.

म्हणजे व्होल्टेज जास्त आहे पण पॉवर काहीच नाही. चार ट्यूबचे १० मिलिअ‍ॅम्पिअर गुणिले १७७ व्होल्ट (आपण बनवणार तो सप्लाय एवढे देते), पावणेदोन वॉट. हा आकडा डोक्यात ठेवला की महागडा सप्लाय घ्यायची गरज का नाही ते आपोआप कळते.

आणखी एक गोष्ट, पेटलेली ट्यूब स्वतःहून करंट थांबवत नाही, जितका द्याल तितका ओढते. म्हणून प्रत्येक ट्यूबच्या अ‍ॅनोडला रेझिस्टर लागतोच लागतो. १७७ मधून १४० गेले, उरले ३७ व्होल्ट, भागिले २.५ मिलिअ‍ॅम्पिअर, झाले १४.८ के (किलो-ओहम). बाजारात १५ के मिळतो तो लावा, पाव वॉट पुरते. चार ट्यूबला मिळून एकच रेझिस्टर लावायचा विचार कोणी सांगितला तर ऐकू नका, जी ट्यूब आधी पेटेल ती बाकीच्यांचं व्होल्टेज खाली ओढून ठेवते.

आता १७७ व्होल्ट आणायचे कुठून. पहिले जे करायचं नाही ते सांगतो. घरचे २३० व्होल्ट डायरेक्ट डायोड लावून वापरायचे नाहीत, सिरीजमध्ये कपॅसिटर टाकला तरी नाही. डायोड-फिल्टरनंतर ते ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि मुख्य म्हणजे तुमचं पूर्ण सर्किट, यूएसबी केबल, लॅपटॉप, सगळं लाइनला जोडलं जाते. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं सर्किट वापरायची आयडिया पण पुष्कळ फिरते, तीही नको. त्यातला मोठा कपॅसिटर, समजा १२० मायक्रोफॅरॅडचा ३०० व्होल्टला चार्ज झाला, तर त्यात ५.४ जूल असतात. आपल्या सप्लायच्या ४.७ मायक्रोफॅरॅडमध्ये ०.०७ जूल. झटका तोही देते पण फरक पाहा किती आहे.

माझी आवड म्हणजे १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर आणि ते १२ व्होल्ट वर चढवायला एमसी३४०६३, स्विचिंग सप्लायची आयसी. ही आयसी जुन्या कार मोबाइल चार्जरमध्ये सर्रास सापडते, दुकानातही काही रुपयांत मिळते. सोबत आयआरएफ७४० मॉस्फेट (भरभर चालू-बंद होणारा स्विच), तो ४०० व्होल्टचा आहे, १०० ते २२० मायक्रोहेन्रीची कॉइल, आणि यूएफ४००४ डायोड. डायोडच्या जागी १एन४००७ लावायचा मोह होईल कारण तो प्रत्येकाच्या डब्यात असतो, पण तो स्लो आहे, या स्पीडला वेळेवर बंदच होत नाही, तापते आणि आउटपुट बसते. दुकानदार "तेच आहे भाऊ, चालते" म्हणून १एन४००७ हातात देते, नको म्हणा, फास्ट रिकव्हरीच मागा.

जोडणी अशी. पिन ६ ला १२ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. पिन ६ आणि ७ च्या मध्ये ०.३३ ओहम, तो नाही मिळाला तर १ ओहमचे तीन पॅरलल, आणि कॉइल पिन ७ कडून निघते. पिन ३ ला १ नॅनोफॅरॅडचा टायमिंग कपॅसिटर. पिन १ आणि ८ दोन्ही पॉझिटिव्हला. पिन २ मधून मॉस्फेटचा गेट चालवायचा, आणि इथे जरा लक्ष द्या, कारण नेटवरचे अर्धे सर्किट इथेच मार खातात. ही आयसी गेटला वर ओढते पण खाली ओढत नाही. नुसता रेझिस्टर ग्राउंडला टाकला तर मॉस्फेट हळूहळू बंद होते आणि त्या मधल्या वेळातच तो भाजून निघते. उपाय पाच रुपयांचा आहे. पिन २ पासून गेटकडे एक १एन४१४८ डायोड, एक बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर) घ्या, त्याचा एमिटर गेटला, बेस पिन २ ला, कलेक्टर ग्राउंडला, आणि पिन २ वरून ग्राउंडला १ के. एवढं केलं की मॉस्फेट झटकन बंद होते आणि चार ट्यूबसाठी हीटसिंकची गरज राहत नाही.

व्होल्टेज ठरते पिन ५ वर. ही पिन १.२५ व्होल्ट धरून ठेवते, म्हणून वर ६६० के आणि खाली ४.७ के लावला की १.२५ गुणिले १४१.४, बरोबर १७७ व्होल्टच्या आसपास. वरचा ६६० के म्हणजे ३३० केचे दोन सिरीजमध्ये, मुद्दाम. पाव वॉटच्या रेझिस्टरची व्होल्टेज झेलायची मर्यादा साधारण २५० असते, एकावर सगळा भार टाकण्यापेक्षा दोघांत वाटलेला बरा. हीच रेझिस्टरची जोडी (डिव्हायडर) सप्लाय बंद केल्यावर आउटपुट कपॅसिटर रिकामापण करते, दहा-पंधरा सेकंद थांबलं की झालं, तरी हात लावायच्या आधी मीटर लावून पाहायचं ते पाहायचंच.

कॉइल घेताना नुसती मायक्रोहेन्री पाहू नका. ०.९ अ‍ॅम्पिअरच्या पीकला १०० मायक्रोहेन्रीत दर वेळी साधारण ४० मायक्रोजूल साठतात, सेकंदाला साठ हजार वेळा तेच झालं की २.४ वॉट, वाटेतली गळती धरली तरी आपल्या चार ट्यूब निघतात. पण कॉइल त्या करंटला सॅच्युरेट झाली, म्हणजे आणखी साठवेनाशी झाली, की हे गणित संपलं. रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या हिरव्या बारीक कॉइल येतात त्या इथे कामाच्या नाहीत. दीड अ‍ॅम्पिअर झेलणारी, डमरूसारखी, जाड तारेची घ्या. सहा ट्यूब करायच्या असतील तर २२० मायक्रोहेन्रीची.

आउटपुटचा ४.७ मायक्रोफॅरॅड ४०० व्होल्टचा कपॅसिटर विकत घेऊ नका. घरात फ्यूज झालेले सीएफएल पडले असतील ना, सगळ्यांकडे आहेत, एलईडी आल्यापासून कोणी पाहून नाही राहिलं त्यांच्याकडे. खालची प्लॅस्टिकची कॅप स्क्रूड्रायव्हरने सावकाश उघडा, काचेला धक्का लावू नका कारण आत पारा असतो, आणि बोर्ड बाहेर काढा. त्यावर ४०० व्होल्टचा कपॅसिटर असते (फुगलेला असेल तर फेका) आणि दोन १३००१ किंवा १३००३ ट्रान्झिस्टर असतात. हे ट्रान्झिस्टर जपून ठेवा, पुढे सांगतो का.

हे बोर्ड वगैरे बनवायची इच्छा नसेल तर ४५ ते ३९० व्होल्ट अ‍ॅडजस्ट होणारे तयार बूस्ट मॉड्यूल ऑनलाइन मिळतात. वाईट नाहीत. फक्त आलं तसं ट्यूबला जोडू नका, प्रीसेट (व्होल्टेज ठरवायचा स्क्रू) कुठे फिरवलेला असेल सांगता येत नाही, आधी मीटर लावून १७७ वर आणा, मग प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे हलणार नाही.

तिसरा रस्ता म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ. पहिला ९-०-९ चा, त्यातला फक्त एकीकडचा ९ व्होल्ट घ्यायचा आणि दुसऱ्या ६-०-६ च्या दोन टोकांना, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला उलटा द्यायचा. दुसऱ्याच्या प्रायमरीवर कागदावर १७२ व्होल्ट एसी येतात, ब्रिज आणि फिल्टरनंतर २४० च्या जवळपास, लोडवर थोडे कमी. व्होल्टेज जास्त आहे म्हणून अ‍ॅनोडला ४७ के अर्ध्या वॉटचा लावायचा, करंट २ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास येते. यात लाइनपासून आयसोलेशन मिळते, आवाज नाही, आयसी नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी लाइन खाली-वर झाली तरी ट्यूब पेटायला पुरेसे व्होल्ट शिल्लक असतात. तोटा म्हणजे वजन, आणि यात डिव्हायडर नसल्यामुळे २२० केचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये कपॅसिटरवर कायम लावावे लागतात, नाही तर तो चार्ज घेऊन बसून राहते. शिवाय पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फ्यूज आणि सगळं बंद डब्यात, यात सवलत नाही.

सप्लाय कुठलाही करा, पहिली टेस्ट ट्यूबवर करू नका. लाइन टेस्टरमधला किंवा जुन्या स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधला बारका निऑन काढा, त्याला सिरीजमध्ये २२० के टाका आणि जोडा. पेटला म्हणजे व्होल्टेज आहे. मग लोड टेस्ट करा, ५६ केचे एक वॉटवाले तीन पॅरलल लावले की जवळपास साडेनऊ मिलिअ‍ॅम्पिअर ओढतात, चार ट्यूबइतकेच. दहा मिनिटं चालू ठेवा. व्होल्टेज १७५ च्या खाली घसरून राहिलं असेल, कॉइल चटका देत असेल किंवा मॉस्फेटवर बोट ठेवता येत नसेल (सप्लाय काढून, कपॅसिटर रिकामा झाल्यावरच बोट लावा) तर पुढे जायचं नाही, आधी तो गेटचा बीसी५५७ नीट लागला का पाहा, बहुतेक वेळा तिथेच असते. सर्किट चालू असताना काही मोजायचं असेल तर एक हात खिशात ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता खरा विषय, आकडे चालू-बंद करणं. ७४१४१ काय करते? आत दहा ट्रान्झिस्टर आहेत जे कॅथोडला ग्राउंड करतात, आणि पुढे बायनरीचं दहात रूपांतर. ते रूपांतर आता मायक्रोकंट्रोलर फुकटात करते. म्हणजे राहिले ट्रान्झिस्टर. एमपीएसए४२ घ्या, ३०० व्होल्टचा एनपीएन, अगदी स्वस्त. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॅथोडला, बेसला १० के लावून ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरच्या (कंट्रोलरच्या थोड्याच पिनांवरून बरेच आउटपुट देणारी आयसी) आउटपुटला. एवढंच आहे.

चार ट्यूबला चाळीस ट्रान्झिस्टर लागतील असं वाटून लोकं घाबरतात, पण मोजून पाहा. तासाच्या दशकात फक्त ०, १, २ येतात, तीन. तासाच्या एककात दहा. मिनिटाच्या दशकात ० ते ५, सहा. एककात दहा. एकूण २९. आणि एका ७४एचसी५९५ ला आठ आउटपुट, चार आयसीत ३२. म्हणजे चार स्वस्त आयसीत पूर्ण घड्याळ बसते आणि वर तीन आउटपुट उरतात, त्यातल्या एकावर मधल्या टिंबांचे निऑन लावा. सेकंद पण पाहिजे असतील तर आणखी १६, एकूण ४५, सहा आयसी. आकड्यांचा डेटा पाठवायला अर्डुइनो नॅनोच्या (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) तीनच पिन जातात.

सीएफएलमधले १३००१ इथेच कामी येतात. ते ४०० व्होल्टचे आहेत, गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो ते) कमी असतो पण १० केमधून ०.४ मिलिअ‍ॅम्पिअर बेसला जाते, दहाचा गेन मिळाला तरी चार मिलिअ‍ॅम्पिअर, आपल्याला अडीच पाहिजे. फक्त याचे पाय प्रत्येक कंपनीचे वेगळे. एमपीएसए४२ ची सपाट बाजू समोर धरली की डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर हे पक्कं आहे, पण १३००१ मध्ये कुठे बेस पहिला तर कुठे एमिटर, म्हणून प्रत्येक नग ट्रान्झिस्टर टेस्टरवर लावून मगच सोल्डर करा. एका घड्याळात मिसळून लावले तरी हरकत नाही.

यूएलएन२००३ का नाही लावायचा, हे बरेच जण विचारतात, कारण एका आयसीत सात ट्रान्झिस्टर तयार मिळतात. तो ५० व्होल्टचा आहे. बंद असलेला कॅथोड शून्यावर बसत नाही, तो पेटलेल्या गॅसच्या मध्ये उभा आहे, त्याचं व्होल्टेज वर चढते. ५० च्या पुढे गेलं की यूएलएन थोडा करंट सोडायला लागते आणि पेटलेल्या ५ च्या भोवती बाकीच्या आकड्यांच्या कडा फिकट नारिंगी दिसायला लागतात, आकडा धुक्यात उभा असल्यासारखा. ७४१४१ मध्ये यासाठी आत साधारण ६० व्होल्टचा क्लॅम्प (व्होल्टेज तेवढ्यावरच अडवणारा) बसवलेला असते. झेनर वगैरे लावून यूएलएनकडून करून घेणारे आहेत, पण ३०० व्होल्टचा ट्रान्झिस्टर इतका स्वस्त असताना कशाला.

७४एचसी५९५ ची एक खोड आहे. पॉवर आल्याबरोबर तिच्या आउटपुटवर काय असेल याचा नेम नाही, कधी कधी एका ट्यूबचे चार-पाच आकडे एकदम पेटतात. पिन १३ (आउटपुट चालू-बंद करणारी) ला १० के लावून ५ व्होल्टला ओढून ठेवा, मग कंट्रोलरने पहिला बरोबर डेटा पाठवल्यावरच ती पिन खाली आणायची. याच पिनवर पीडब्ल्यूएम (भरभर चालू-बंद होणारा सिग्नल) दिला की ब्राइटनेस कमी-जास्त होते, रात्री बेडरूममध्ये ठेवायचं असेल तर हे पाहिजेच. ईएसपी८२६६ (३.३ व्होल्टचा वायफायवाला कंट्रोलर) वापरत असाल तर ७४एचसी५९५ ला पण ३.३ व्होल्टच द्या, नाही तर ५ व्होल्टवर ती ३.३ चा सिग्नल धड ओळखत नाही. बेस करंट ०.२६ मिलिअ‍ॅम्पिअर उरते, एमपीएसए४२ ला तेवढं पुरते, १३००१ ला मात्र बेसचा रेझिस्टर ४.७ केपर्यंत कमी करा.

मल्टिप्लेक्सिंगने, म्हणजे ट्यूब एकामागे एक आळीपाळीने पेटवून, पार्ट आणखी कमी होतात हे खरं आहे. सगळ्या ट्यूबचे सारखे कॅथोड एकत्र, दहा एमपीएसए४२, आणि प्रत्येक अ‍ॅनोडला एक एमपीएसए९२ व तो चालवायला एक एमपीएसए४२, एकूण १८ ट्रान्झिस्टर. पण प्रत्येक ट्यूब चौथा हिस्सा वेळच पेटते, म्हणून उजेड टिकवायला पीक करंट वाढवावा लागते, आणि एका ट्यूबवरून दुसऱ्यावर जाताना दोन-तीनशे मायक्रोसेकंद सगळं बंद ठेवावं लागते, नाही तर आधीचा आकडा पुढच्या ट्यूबमध्ये पुसट दिसते. अकरा ट्रान्झिस्टर वाचवायला एवढी कटकट मला पटत नाही. कोड कुठे अडकला तर एकच ट्यूब सतत जास्त करंटवर जळत राहते, तो धोका वेगळा. आठ-दहा ट्यूबचं काही करत असाल तर मात्र मल्टिप्लेक्सच बरं. अ‍ॅनोडसाठी पीसी८१७ ऑप्टो लावू नका, तो १७७ व्होल्टचा नाहीच, टीएलपी६२७ चालते कारण तो ३०० चा आहे.

ज्यांना हे व्होल्टेजच नको वाटते त्यांच्यासाठी व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले) आहेत, त्या हिरवट-निळ्या उजेडाच्या. आयव्ही-११ ला अ‍ॅनोडवर २५ व्होल्टच्या आसपास भागते, फिलामेंटला दीड व्होल्ट आणि १०० मिलिअ‍ॅम्पिअर. तिथे यूडीएन२९८१ ही ड्रायव्हर आयसी सरळ लागते. पहिला प्रोजेक्ट म्हणून उत्तम आहे.

आता बोर्ड. झिरो पीसीबीवर (भोकांचा तयार बोर्ड) करत असाल तर हाय व्होल्टेजच्या लाइनच्या दोन्ही बाजूला एक-एक भोकांची ओळ रिकामी सोडा आणि तिथले कॉपरचे टिकले खरवडून काढा. सोल्डरिंग झालं की फ्लक्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासून काढाच. आपल्याकडे हे इतकं जोर देऊन सांगायचं कारण म्हणजे कूलर. नवतपात (मे अखेरचे नऊ तापते दिवस) पंचेचाळीसच्या पुढे पारा जाते, दार-खिडक्या लावून दिवसरात्र कूलर चालू, आणि घरात हवा अशी ओली की वह्यांची पानं नरम पडतात. ती ओल फ्लक्सच्या थरावर बसली की त्यातून करंट वाहायला लागते, आणि ६६० केसारख्या मोठ्या रेझिस्टरला तेवढं पुरते, फीडबॅक चुकते आणि व्होल्टेज सरकते. मार्चमध्ये १७७ दाखवणारा सप्लाय मे महिन्यात वेगळा आकडा दाखवून राहिला असेल तर पार्ट बदलायच्या आधी बोर्ड साफ करून कोरडा करा, मग वार्निशचा एक हात द्या. आणि घड्याळ कूलरच्या झोतात ठेवू नका.

ट्यूब बसवताना आयएन-१४ च्या तारा काचेला लागून वाकवायच्या नाहीत, चार-पाच मिलिमीटर सोडून चिमट्याने धरा आणि मग वळवा, काचेला तडा गेला की हवा आत शिरते आणि ट्यूब कायमची संपते. कोणती तार कोणत्या आकड्याची हे डेटाशीटवर असते, पण जोडायच्या आधी ट्यूबच्या प्लसला तिचा नेहमीचा रेझिस्टर लावून एक-एक तार ग्राउंड करून सगळे दहा आकडे पेटवून पाहा, जुन्या मालात एखादा आकडा अर्धाच पेटणारा निघते आणि तो बोर्डवर बसवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. असा अर्धा आकडा बऱ्याचदा सुधारते, तोच एक आकडा काही तास थोड्या जास्त करंटवर, चारेक मिलिअ‍ॅम्पिअर, पेटवून ठेवायचा, मधून मधून पाहत राहायचं.

हे होते कारण जो आकडा महिनोन्महिने पेटत नाही त्याच्यावर शेजारच्या पेटलेल्या आकड्यांचा धातू उडून बसते. म्हणून कोडमध्ये रोज रात्री, समजा तीन वाजता, पाच मिनिटं सगळे आकडे फिरवायची सोय ठेवा. २९ वाल्या जोडणीत तासाच्या पहिल्या ट्यूबचे ३ ते ९ जोडलेलेच नसतात, ते कधीच पेटणार नाहीत, त्या जागी अशी ट्यूब लावा जिचे ते आकडे आधीच खराब आहेत, चांगली ट्यूब एककाला ठेवा. लाइन जात-येत राहते म्हणून वेळेसाठी डीएस३२३१ (लाइन गेली तरी वेळ धरून ठेवणारी आयसी) आणि त्यावर सीआर२०३२ सेल, एक मोशन सेन्सर लावून खोलीत कोणी नसताना हाय व्होल्टेज बंद करा. एमसी३४०६३ मध्ये त्यासाठी वेगळी पिन नाही, पण पिन ५ ला एका डायोडमधून ५ व्होल्ट दिले की ती समजते व्होल्टेज झालंय आणि स्विचिंग थांबवते. कंट्रोलरची एक पिन, एक १एन४१४८, सिरीजमध्ये १ के, काम झालं.